मलेशियात गेलात तर सकाळी सातला बाहेर पडा

सांगलीत माझं नाष्ट्याचं हॉटेल आहे, एकतीस वर्षं झाली. मिसळ, पोहे, उप्पीट, बटाटावडा, चहा. परगावी गेलो की माझं लक्ष आधी हॉटेलांकडं जातं: गल्ला कुठं मांडलाय, वेटर किती आहेत, मोरी झाकलीय की उघडी, पहिला चहा किती वाजता उतरतो. बायको म्हणते, देवळात गेलं तरी ह्यांना प्रसादाचं पातेलं आधी दिसतं. खरं आहे.

असा मी माणूस, आणि पहिल्यांदा मलेशियाला जाऊन आलो तेव्हा तिथली माणसं सकाळी काय खातात हे मला सांगता येईना. टूरवाल्यांबरोबर गेलो होतो. सकाळी लॉजच्या बुफेत ब्रेड आणि कॉर्नफ्लेक्स, रात्री ‘इंडियन डिनर’ म्हणून पनीर, जिरा राइस आणि गार गुलाबजाम. मधल्या वेळात जुळे टॉवर आणि बातू गुहा. परत आल्यावर रोजच्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, “मालक, तिथल्या हॉटेलात काय मिळतं?” मी म्हटलं, “पनीर.” तो हसला, आणि ते हसू मला लागलं.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा लेक आणि जावई पेटालिंग जयाला राहायला गेले होते. क्वालालंपूरला लागूनच आहे ते गाव. सध्या आपल्या पासपोर्टवर तिथं ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही; ही सवलत २०२६ अखेरपर्यंत जाहीर झालेली आहे. उतरायच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड तेवढं ऑनलाइन भरायचं. ते फुकट असतं, पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. आम्ही दोघं सव्वीस दिवस राहिलो आणि त्यातल्या वीस सकाळी मी बाहेर नाष्टा केला. खाली लिहितोय ते त्या वीस सकाळींवरून.

तिथली वस्ती कशी आहे ते आधी थोडक्यात. शंभरातले साधारण सत्तर मलय आणि इतर मूळ रहिवासी, बावीस-तेवीस चिनी आणि सहा-सात भारतीय वंशाचे, त्यातही बहुतेक तमिळ. पहिल्या गटाला तिथं सरकारी भाषेत ‘भूमिपुत्र’ म्हणतात, अगदी हाच शब्द. ही सगळी माणसं एकत्र बघायची तर मॉलमध्ये बघू नका, तिथं सगळे सारखेच दिसतात. नाष्ट्याला बघा. युनेस्कोनं २०२४ साली ज्या गोष्टी आपल्या वारसा यादीत घेतल्या, त्यांत मलेशियाची न्याहारीची पद्धत आहे. नुसता पदार्थ नव्हे, वेगवेगळ्या जातिधर्माच्या लोकांनी एका ठिकाणी बसून सकाळचं खाण्याची रीत. ही बातमी वाचून मला आपल्या धंद्याचा जरा अभिमानच वाटला.

एक मामक धरा आणि तिथंच जा

यादी करून दहा ठिकाणं पालथी घालू नका. राहत्या जागेपासून चालत जाता येईल असं एक मामक दुकान शोधा आणि सलग चार-पाच सकाळी तिथंच बसा. मामक म्हणजे तमिळ मुसलमानांचं हॉटेल. शब्द तमिळ ‘मामा’वरून आला, आपला मामा तोच. दुकानाला मामक म्हणतात, पण वेटरला तशी हाक मारू नका. ‘बोस’ म्हणा, सगळे तेच म्हणतात. वेटरही तुम्हाला बोस म्हणेल, म्हणजे हिशेब बरोबरीत.

मामकच का, तर तिथं सगळे येतात. डुक्कर शिजत नाही म्हणून मलय माणूस, धर्मानं मुसलमान, निर्धास्त बसतो, भारतीयाला घरची चव मिळते, आणि चिनी माणसाला स्वस्तात रोटी मिळते. बरीच दुकानं रात्रभर उघडी असतात. फूटपाथवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर फुटबॉलची मॅच. माझ्या दुकानात शेजारच्या टेबलावर रोज एक चिनी म्हातारा पेपर घेऊन बसायचा, त्याच्या पलीकडं डोक्याला स्कार्फ बांधलेल्या दोन मलय बायका ऑफिसला जाता जाता टेकायच्या, आणि दाराशी एक शीख टॅक्सीवाला. पाचव्या दिवशी चिनी म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघून मान हलवली. आठव्या दिवशी विचारलं, “अंकल, इंडियात पाऊस कसा आहे?” रोज जागा बदलली असती तर हा प्रश्न मला कुणी विचारला नसता.

पहिल्या दिवशी मागवायची रोटी चनाई. मी ती खाण्याआधी पंधरा मिनिटं करणाऱ्यासमोर उभा राहिलो. मैद्याचे गोळे तेला-मार्जरिननं माखून परातीत निवांत ठेवलेले, पुरणपोळीची कणीक आपण तेलात ठेवतो तसे. गोळा थापतो, मग हवेत गरगर फिरवून ताणतो, पलीकडचं दिसेल इतका पातळ करतो. काठ आत दुमडून तव्यावर. तव्यावरून उतरल्यावर दोन्ही तळव्यांत धरून टाळी वाजवल्यासारखी एक थाप, की पदर सुटे. वस्ताद तासाला किती काढतो ते मी मोजायचा प्रयत्न केला, पण गर्दी वाढली तसा मीच हिशेब सोडला. साधी रोटी दीड-दोन रिंगिटला मिळते. रिंगिट म्हणजे आपले वीस-बावीस रुपये धरा. सोबत डाळ आणि रस्सा.

साधीला ‘कोसोंग’ म्हणायचं, म्हणजे रिकामी. ‘तेलुर’ म्हटलं की अंडं घातलेली, ‘बावांग’ म्हटलं की कांद्याची. रोटी आधीच तुकडे करून वर डाळ-रस्सा ओतून हवी असेल तर ‘बंजीर’ म्हणा. बंजीर म्हणजे पूर. हा अर्थ जावयानं सांगितला आणि आम्ही दोघं नवरा-बायको गप्पच झालो. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या हॉटेलात गल्ल्याच्या वर पाणी होतं. पण चव सांगतो: कट घातलेल्या मिसळीत पाव मऊ होतो ना, तशी. मी पुढं रोज बंजीरच घेतली.

बिलासाठी हात वर करून ‘कीरा!’ म्हणायचं. कीरा म्हणजे मोज. वेटर येतो, टेबलावरच्या ताटल्या-ग्लासांवरून नजर फिरवतो आणि तोंडी हिशेब करून चिठ्ठीवर आकडा लिहितो. आपल्याकडं जुन्या हॉटेलांत वेटर गल्ल्याकडं ‘दोन मिसळ, एक चहा, साहेब आले’ असं ओरडतो, त्याचाच भाऊ. अनेक वेटर बांगलादेश, नेपाळ किंवा तमिळनाडूहून आलेले असतात. मलय जमेना तेव्हा हळूच हिंदी बोलून बघा. माझ्या दुकानातला नेपाळी पोरगा हिंदी ऐकून इतका खुलला, की पुढं माझा चहा मी बसायच्या आत टेबलावर यायचा.

चहा-कॉफीचं व्याकरण

हे नीट शिका. एवढं आलं की तुम्ही अर्धे तिथलेच.

‘तेह’ म्हणजे चहा, ‘कोपी’ म्हणजे कॉफी. नुसतं तेह म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क घातलेला गोडमिट्ट चहा येतो. ‘तेह ओ’ म्हणजे दूध नाही, साखर आहे. मी पहिल्या दिवशी तेह ओ मागवून दुधाची वाट बघत बसलो होतो. ‘तेह ओ कोसोंग’ म्हणजे दूध नाही, साखरही नाही. ‘तेह सी’ म्हणजे आटवलेलं बिनसाखरेचं दूध आणि वर साखर. कोपीला हेच नियम. शेवटी ‘आइस’ जोडलं की गार. मधुमेहवाल्यांनी ‘कुरांग मानिस’ हे दोन शब्द पाठ करावेत: कमी गोड. तरी जे येतं ते आपल्याला पुरेसं गोड असतं. ‘तेह हालिया’ म्हणजे आल्याचा चहा, आणि खोकला झाला तेव्हा तो मला घरच्यासारखा लागला.

‘तेह तारिक’ म्हणजे ओढलेला चहा. एका मगातून दुसऱ्या मगात हातभर उंचीवरून ओढत राहतात, वर फेस येतो आणि चहा पिण्याजोगा होतो. बघायला गंमत आहेच, पण मी मागं उभा राहून पाहिलं तेव्हा कळलं की चहाचा अर्क आधीच काढून कापडी गाळणीत ठेवलेला असतो, म्हणून दहा सेकंदांत ग्लास तयार. आमच्याकडं प्रत्येक आधण नव्यानं उकळतं. दोन्हीत आमचा चहा मला बरा वाटतो, पण सकाळच्या गर्दीत त्यांची सोय खरंच भारी.

कोपीतियाम, म्हणजे त्यांचं इराणी

मामक चार-पाच दिवस झाला की मग चिनी कोपीतियाम. ‘कोपी’ मलय, ‘तियाम’ चिनी होक्कियन बोलीतलं दुकान. जुन्या कोपीतियामात शिरलो आणि मी मुंबईच्या इराण्यात आल्यासारखा थबकलो: संगमरवरी गोल टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, वर पंखे.

इथं एक गोष्ट माहीत नसेल तर गोंधळ होतो. दुकानाचा मालक फक्त चहा-कॉफी विकतो. आतल्या शेवयांच्या, भाताच्या गाड्या वेगवेगळ्या माणसांच्या. आधी टेबल धरा, त्याचा नंबर लक्षात ठेवा, मग गाडीवर जाऊन पदार्थ सांगा. पेयाची ऑर्डर घ्यायला दुसराच कुणी येईल. प्रत्येकजण आपला पदार्थ आणून ठेवतो आणि आपापले पैसे तिथंच घेतो, म्हणून सुटे जवळ ठेवा. पेय मागवणं ही रीत आहे, कारण तुम्ही बसलाय ती खुर्ची कॉफीवाल्याची. टेबल भरलेलं असेल तर अनोळखी माणसासमोर बसायला हरकत नाही, मान हलवली की पुरे.

काया टोस्ट मागवा. काया म्हणजे नारळाचं दूध, अंडी, साखर आणि पांदानची पानं आटवून केलेला जॅम. पांदानचा वास आपल्या बासमती-आंबेमोहोरच्या जवळ जातो. सोबत दोन अर्धकच्ची अंडी बशीत फोडून, त्यावर सोया सॉस आणि पांढरी मिरपूड. मला पहिल्यांदा ती अंडी बघूनच कसंसं झालं. तिसऱ्यांदा मी ती बशी तोंडाला लावली. कॉफीच्या बिया इथं साखर आणि मार्जरिन घालून भाजतात, म्हणून ती इतकी काळी आणि जळक्या गुळासारखी लागते.

कोपीतियामात बऱ्याच ठिकाणी डुक्कर असतं, त्यामुळं मलय माणूस तिथं सहसा दिसणार नाही. ज्या देशात सगळे एकत्र खातात म्हणून आपण कौतुक करतो, तिथं अशी न ओलांडायची दारंही आहेत. दोन्ही दारांतून जाऊ शकतो तो पाहुणा, म्हणजे तुम्ही. पण एका दारात बसून दुसऱ्याबद्दल बोलू नका. १९६९ च्या १३ मे रोजी क्वालालंपूरला मोठी जातीय दंगल झाली होती. वयस्कर माणसं त्यावर आपणहून बोलली तर ऐका, तुम्ही विषय काढू नका.

शाकाहारी माणसानं काय करायचं

आमच्या घरात मी अंडी-चिकन खातो. बायको पूर्ण शाकाहारी, त्यात गुरुवारचा उपास. ती नसती तर हा भाग मला लिहिता आला नसता.

पहिला इशारा: तिथं भाजीतही समुद्र असतो. ‘सायुर’ म्हणजे भाजी, पण हिरव्या पालेभाजीत बेलाचान म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी घातलेली असते. नासी लमाक हा त्यांचा सगळ्यात लाडका नाष्टा: नारळाच्या दुधात शिजवलेला भात, शेंगदाणे, काकडी, उकडलेलं अंडं आणि वर तिखट सांबल. त्यावर इकान बिलिस नावाची सुकी मासोळी असते आणि सांबलातही बहुधा मासे किंवा कोळंबी असते. केळीच्या पानातली पुडी सुंदर दिसते, बायकोनं हौसेनं उघडली आणि मासोळीचे डोळे बघून माझ्या हातात दिली. मामकात डाळ बिनमांसाची असली तरी पळी एका पातेल्यातून दुसऱ्यात जाते, तवाही एकच. ज्यांना हे चालत नाही त्यांनी मामकात फळं आणि चहावर राहावं, किंवा क्वालालंपूरच्या ब्रिकफील्ड्स भागातल्या दाक्षिणात्य शाकाहारी हॉटेलांत जावं. के. एल. (म्हणजे क्वालालंपूर) सेंट्रल स्टेशनाला लागूनच आहे तो भाग. तिथं डोशाला ‘तोसै’ म्हणतात, आणि ते बरंच आहे, कारण मलय भाषेत ‘दोसा’ म्हणजे पाप!

पण खरा शोध बायकोनं लावला: चिनी शाकाहारी दुकानं. बाहेर पाटीवर एक चिनी अक्षर असतं, लेकीनं ते तिच्या मोबाइलवर ठेवून दिलं. बोलताना ‘चाय’ म्हणतात, आपल्या चहाशी संबंध नाही. बौद्ध लोकांची ही दुकानं, आणि बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही वर्ज्य. जैन वाचकांनी हे खास लिहून ठेवावं. अंड्याचं मात्र विचारून घ्यावं. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, इथं रांग लागते, कारण एरवी मांस खाणारे अनेक चिनी त्या दिवशी खात नाहीत. बायको म्हणाली, “म्हणजे आपल्यासारखंच की, वार पाळतात!” सोयाबीन आणि गव्हाच्या चिकापासून ते हुबेहूब बदक, मासा असे आकार करतात. तिच्या ताटात मासा आला तेव्हा तिनं मालकिणीला तीनदा विचारलं. मालकीणबाईंनी शेवटी पिशवीतला सोया दाखवला.

गुरुवारी मात्र फजिती झाली. शेजारच्या मलय बाईंनी खायला आणलं, बायकोनं हाताला लागलेला नवा शब्द वापरला: “पुआसा.” हा शब्द आपल्या ‘उपवासा’चाच, पण तिथं त्याचा अर्थ रोजा. बाईंनी लगबगीनं पाण्याचा ग्लाससुद्धा उचलून नेला आणि संध्याकाळी सूर्य मावळल्यावर ताट घेऊन पुन्हा हजर. लेकीनं समजावल्यावर त्याच बाईंनी पुढच्या गुरुवारी ‘सागू गुला मलाका’ करून आणला: साबुदाणा, नारळाचं दूध आणि ताडगुळाचा पाक. उपासाला याहून चोख काय असणार. बायकोनं सांगलीला येऊन तो गुळात केला, जमतो.

असे ओळखीचे शब्द ऐकत राहा, मजा येते. बहासा म्हणजे भाषा, नामा म्हणजे नाव, काचा म्हणजे काच, मादू म्हणजे मध, कपाला म्हणजे डोकं. नवऱ्याला ‘सुआमी’ म्हणतात आणि बायकोला ‘इस्तेरी’. मी स्वामी झाल्यावर दोन दिवस घरात माझी थट्टा चालली.

दुपार, संध्याकाळ आणि कुणाचं तरी घर

दुपारी ‘नासी चाम्पुर’ दिसेल: वीस-तीस पातेली मांडलेली, भात घेऊन हवं ते वाढून घ्या. गल्ल्यावरची बाई ताटाकडं बघून किंमत सांगते, काटा नाही, वजन नाही. माझ्यासारख्याला ही पद्धत अचाट वाटली, पण तिचे आकडे दोन दिवस तपासले तर चुकत नव्हते. भाज्या स्वस्त, मोठी कोळंबी किंवा माशाचा तुकडा उचलण्याआधी ‘बेरापा?’ म्हणजे किती, ते विचारून घ्या. केळीच्या पानावरचं तमिळ जेवण खाल्लंत तर उठताना पान आपल्याकडं दुमडायचं, म्हणजे जेवण आवडलं. उलट दुमडणं अशुभाच्या जेवणाचं मानतात.

पिनांगला गेलात (के. एल. सेंट्रलहून रेल्वेनं बटरवर्थ, तिथून फेरी) तर नासी कंदार खाच. कंदार म्हणजे खांद्यावरची कावड. पूर्वी तमिळ मुसलमान विक्रेते कावडीच्या एका टोकाला भात आणि दुसऱ्याला रस्से घेऊन फिरायचे. आता कावड गेली, नाव राहिलं. चार रस्से एकमेकांत मिसळून ओततात, वेगवेगळे मागितलेत तर वाढणारा तुमच्याकडं दयेनं बघेल.

संध्याकाळी पासार मालाम, म्हणजे रात्रीचा बाजार. प्रत्येक वस्तीत आठवड्याचा ठरलेला वार असतो, आपल्या आठवडी बाजारासारखा. क्वालालंपूरच्या चेरास भागात तामान कॉनॉटला बुधवारी भरतो तो लांबच लांब आहे. आधी पूर्ण बाजार रिकाम्या हातानं चाला, खरेदी परतताना. आम्ही पहिल्याच गाडीवर पोट भरलं आणि पुढं पुतु मायम दिसलं: तांदळाच्या शेवया, ओलं खोबरं आणि तपकिरी साखर. कोकणातले शिरवाळेच की! पोटात जागा नाही म्हणून बांधून घेतलं. बांधून द्या म्हणायला मलय माणसाला ‘बुंगकुस’, चिनी माणसाला ‘तापाउ’. ओंदे-ओंदे नावाची हिरवी गोळीही घ्या, आत पातळ ताडगूळ आणि बाहेर खोबरं. पूर्ण तोंडात टाकून मग चावा. मी अर्धी तोडली, शर्टावर पाक.

कुणी घरी बोलावलं तर नक्की जा. सणाला ‘रुमाह तेरबुका’ म्हणजे उघडं घर ठेवायची तिथं पद्धत आहे: ईद, चिनी नववर्ष, दिवाळी, ज्याचा सण त्यानं दार उघडं ठेवायचं आणि बाकीच्यांनी येऊन खाऊन जायचं. आम्ही होतो तेव्हा दिवाळी होती आणि लेकीच्या इमारतीतल्या तमिळ कुटुंबानं बोलावलं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघून घेतलं. चिकन हलाल केटररकडून मागवलेलं, गोमांस नाही, डुक्कर नाही, एका बाजूला शाकाहारी भांडी वेगळ्या पळ्यांनिशी. कुणी काही जाहीर केलं नाही, कुणी विचारलंही नाही. मलय कुटुंब आलं, चिनी शेजारी आले, त्यातल्या काकू कुआन यिन देवीच्या भक्त म्हणून बीफ खात नव्हत्या. प्रत्येकाला काय चालत नाही हे यजमानीण बाईंना तोंडपाठ होतं. शंभर पानांच्या पंगतीचा हिशेब मी करतो, पण हा मला जमला नसता.

जाताना चप्पल बाहेर काढा. मोकळ्या हातानं जाऊ नका; फळं सगळ्यांना चालतात. आम्ही शंकरपाळ्या नेल्या आणि तुपाच्या आहेत हे आधीच सांगितलं. उजव्या हातानंच द्या-घ्या, जेवा. मलय बाईंसमोर पुरुषानं आधी हात पुढं करू नये; त्यांनी केला तर हलका स्पर्श करून आपला हात छातीशी न्यायचा. काही दाखवायचं तर बोटानं नाही, मूठ मिटून अंगठ्यानं. माझं बोट सारखं पुढं जायचं, लेक ते खाली दाबायची. वडीलधाऱ्या मलय पुरुषाला ‘पाकचिक’, बाईला ‘माकचिक’ म्हणा. चिनी आणि भारतीयांत सरळ अंकल-आंटी. आणि भेटल्यावर ‘दाह माकान?’ विचारलं तर गोंधळू नका. ‘जेवलात का?’ एवढंच ते. आपण सांगलीत उन्हातान्हात भेटलेल्याला विचारतो तसंच.

देवळांबद्दल थोडंच सांगतो, कारण ते सगळीकडं लिहिलेलं असतं. मलाकाला एकाच जुन्या रस्त्याच्या ओळीत १७८१ सालचं विनायकाचं देऊळ, १७४८ ची मशीद आणि त्याहून जुनं चिनी मंदिर आहे. गणपती ज्यांचा, ते चिट्टी लोक मूळचे तमिळ, घरात मलय बोलतात आणि देवाला हिंदू. सांगलीकर म्हणून मी तिथं जरा जास्त वेळ बसलो. त्या मशिदीच्या नावात ‘क्लिंग’ शब्द आहे, कलिंगावरून आलेला. इमारतीचं नाव म्हणून ठीक, पण माणसांसाठी तो शब्द आज शिवीसारखा लागतो. तोंडातून जाऊ देऊ नका.

येताना मी कोपीची दोन किलो पावडर आणि कापडी गाळणी आणली. एका रविवारी हॉटेलात फळ्यावर ‘मलेशियन कॉफी’ लिहिलं आणि कंडेन्स्ड मिल्क घालून ओढून दिली. अर्धी कॉफी काउंटरवर सांडली. पनीरवाला तोच गिऱ्हाईक आला होता. त्यानं दोन घोट घेतले, कप बशीत ठेवला आणि म्हणाला, “मालक, करपलीय.” फळा त्याच दिवशी पुसला. पावडर आता घरी आम्ही दोघं सकाळी पितो, कुरांग मानिस.